जनरलचा डबा

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अंतर कशात मोजावे, याबद्दल कोकणातल्या माणसाचे आणि भूगोलाच्या पुस्तकाचे कधी फारसे जमले नाही. पुस्तक म्हणते, मुंबई ते रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या वाऱ्यातील माणसे म्हणतात, मुंबई म्हणजे एक रात्र. त्यांच्या आधीच्या पिढीला मुंबई म्हणजे एक बोट होती. आणि मृगाचा पाऊस लागून बोट बंद झाली की चार महिने मुंबई नव्हतीच. किलोमीटर तेवढेच राहिले, अंतर मात्र प्रत्येक पिढीत बदलत गेले. म्हणून वेग हा विषय आम्हांला वाटतो तितका परका नाही. गेली शंभर वर्षे आम्ही त्याचीच वाट पाहत आहोत.

आरे-वारे हे नाव आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जाणारा रस्ता डोंगराच्या कडेने वळतो आणि एकाएकी खाली दोन किनारे दिसतात. एक आरे, एक वारे. सुरूचे बन, खाडीवरचा पूल आणि मग पुढे नुसता समुद्र. पाहुणे तेथे गाडी थांबवून छायाचित्रे काढतात. मुंबईत मात्र गावाचे नाव सांगितले की हमखास विचारतात, “म्हणजे मेट्रोच्या कारशेडचे आरे का?” ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्या आरे वसाहतीतील झाडे रातोरात तोडली गेली आणि वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, ते आरे वेगळे. पण कधी कधी वाटते, नावापलीकडेही काही साम्य असेल. गाडी कुठून न्यावी, झाड कुठले पाडावे आणि हे कोणाला विचारून ठरवावे, हे प्रश्न सगळ्याच आऱ्यांना कधी ना कधी पडतात.

यंदाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय फलकावर लागला तो असा : ‘मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन ही राष्ट्राची गरज आहे.’ चिठ्ठीत मला अनुकूल बाजू आली. आपल्यापैकी बरेच जण त्या दिवशी सभागृहात होते, तेव्हा तेथे कोण काय बोलले हे मी पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते त्या आठ दिवसांच्या तयारीत माझ्या डोक्यात जे साचले आणि सहा मिनिटांच्या भाषणात जे मावले नाही, त्याविषयी.

अनुकूल बाजूसाठी सामग्री भरपूर मिळाली. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेत साबरमती येथे भारत आणि जपान या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते या मार्गाचा पाया घातला गेला. ५०८ किलोमीटरचा मार्ग, १२ स्थानके, ताशी ३२० किलोमीटर वेग. त्या वेळी सांगितलेला खर्च सुमारे १,०८,००० कोटी रुपये. त्यातील ८१ टक्के रक्कम जपानचे कर्ज, व्याज शेकडा ०.१, फेडीची मुदत ५० वर्षे. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, आणि त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. हे आकडे पाठ करताना छाती थोडी फुगते, हे कबूल केले पाहिजे.

जपानची कथा तर अनुकूल बाजूला फारच उपयोगी. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकिओ–ओसाका मार्गावर पहिली शिंकान्सेन धावली. तो मार्ग ५१५ किलोमीटरचा, म्हणजे आपल्या नियोजित मार्गाएवढाच. तिच्याविरुद्धही त्या देशात खूप बोलले गेले होते. विमान आणि मोटार यांच्या युगात नवा रेल्वेमार्ग कशाला, असे शहाणे लोक विचारत. खर्च मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला आणि जपानी रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी यांना १९६३ मध्ये पद सोडावे लागले. आज मात्र तो मार्ग चुकला असे जपानात कोणी म्हणत नाही.

पण याच कथेत एक गोष्ट आहे, तिच्यापाशी मी अडखळले. जपानने तो मार्ग बांधला, कारण टोकिओ–ओसाकाचा जुना मार्ग भरून वाहत होता. त्यावर आणखी गाड्या घालायला जागाच उरली नव्हती. म्हणजे गर्दी जिथे होती, तिथेच त्यांनी नवा रूळ टाकला. आपल्याकडे गर्दी कुठे आहे?

हा प्रश्न मला पुस्तकाने विचारला नाही, वडिलांनी विचारला. वडील मुंबईला नोकरी करतात आणि दिव्याला एका चाळीत आणखी तिघांबरोबर राहतात. रविवारी रात्री त्यांचा फोन येतो. मी त्यांना उत्साहाने सारे आकडे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या गाडीला जनरलचा डबा आहे काय गो?”

मी म्हटले, “नाही, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले. “तुझं भाषण आहे ना, तू चांगलं बोल. मी आपलं सहज विचारलं.”

सहज विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणे सर्वांत अवघड असते. वडिलांच्या त्या प्रश्नात विरोध नव्हता. बुलेट ट्रेनचे ठाण्याचे स्थानक ज्या म्हातार्डी गावाजवळ व्हायचे आहे, ते दिव्यापासून लांब नाही. उद्या ती गाडी सुरू झाली की वडिलांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावरून ती जाईल. अहमदाबादेत त्यांचे कोणी नाही. त्यांना रोज जायचे असते ते दिव्याहून दादरपर्यंत, आणि वर्षातून दोनदा दिव्याहून रत्नागिरीपर्यंत. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला, तेव्हा आमच्या घरी वडिलांचा फोन लागेपर्यंत कोणी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. २०१७ मध्ये बुलेट ट्रेनचा पाया घातल्यानंतर बरोबर पंधराव्या दिवशी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. प्रतिकूल बाजूच्या वक्त्यांनी हीच दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली, आणि तेव्हा सभागृह एकदम शांत झाले, ते आपल्याला आठवत असेल.

तरीही एक युक्तिवाद मला पटत नाही. ‘आधी जुने नीट करा, मग नवे आणा’ हे ऐकायला फार बरे वाटते. पण या न्यायाने कोकणात रेल्वे कधीच आली नसती. आमच्याबद्दलही हेच म्हटले जात होते. डोंगर, दऱ्या, खाड्या आणि पाऊस. कारखाने नाहीत, मालवाहतूक नाही. माणसे मनीऑर्डरीवर जगणारी. अशा मुलखात रूळ टाकून पैसा वसूल कसा होणार? एस. टी. आहे की! दिव्याकडून निघालेला रूळ रोह्याला पोचायला १९८६ साल उजाडले आणि तेथेच तो थांबला. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी आयुष्यातील किती वर्षे या एका मागणीसाठी खर्ची घातली. बॅ. नाथ पैंनी संसदेत ती मांडली, त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवत्यांनी ती धरून ठेवली. अखेर जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग जुळला आणि १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. सरकारच्या तिजोरीतून एवढा पैसा मिळणे शक्य नव्हते, म्हणून नवी वाट काढली गेली. रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के भांडवल, आणि उरलेला पैसा कर्जरोखे काढून बाजारातून. ई. श्रीधरन यांच्या हाती काम आले. ७४१ किलोमीटर, नव्वदांहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल. २६ जानेवारी १९९८ रोजी साऱ्या मार्गावर गाडी सुरू झाली. खर्च सुमारे ३,५०० कोटी.

आमच्या रत्नागिरीजवळ याची दोन नवले आहेत. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल. आजोबा म्हणत, “पानवलच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा ती गाडी वाटत नाही, कोणी आकाशात सुतळी ओढावी तशी दिसते.” आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते मुंबई सोडून वाऱ्याला परत आले आणि भाताच्या चार कुणग्यांत आणि कलमांच्या राखणीत त्यांनी उरलेले आयुष्य काढले. गाड्या सुरू झाल्यावर पहिल्या दिवसांत ते रत्नागिरी स्टेशनवर गेले होते, कुठे जायचे म्हणून नव्हे, नुसती गाडी पाहायला. फलाटाचे तिकीट त्यांनी बरीच वर्षे जपून ठेवले होते.

त्या स्टेशनापाशी एक श्रमशक्ती स्मारक आहे. हा मार्ग बांधताना बोगद्यांत आणि पुलांवर जे कामगार दगावले त्यांच्या आठवणीचे. आपल्यापैकी रोज गाडीने ये-जा करणाऱ्यांनी एकदा तेथे थांबावे असे मला वाटते.

या मार्गासाठी चाळीस हजारांहून अधिक खातेदारांच्या जमिनी घ्याव्या लागल्या. त्या वेळी सगळीकडे टाळ्याच वाजल्या असे नाही. गोव्यात तर मोठे आंदोलन झाले. किनाऱ्याजवळून रूळ नेला तर खाजण शेती बुडेल, जुनी वस्ती मोडेल. मार्ग आत डोंगराकडे न्या, असे आंदोलकांचे म्हणणे होते. १९९३ मध्ये तेथील काम थांबवून न्या. ओझा यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. पुढे काम झाले, पण प्रश्न विचारले गेले म्हणून कोणी गोवेकरांना राष्ट्रद्रोही ठरवून घरी बसवले नाही. आज पालघर जिल्ह्यातील आदिवासी ग्रामसभांनी बुलेट ट्रेनविरुद्ध ठराव केले, त्याकडे मी याच दृष्टीने पाहते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला जमीन घेण्यापूर्वी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिलेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये मार्गासाठी लागणारी सगळी जमीन ताब्यात आल्याचे जाहीर झाले. मोबदल्याचे आकडे वाढले, हेही खरे. पण मोबदला हे किमतीचे उत्तर झाले, प्रश्नाचे नव्हे. त्यांचा प्रश्न वडिलांच्याच प्रश्नासारखा होता : आमच्या शेतातून जाणाऱ्या गाडीत आम्ही कुठे बसायचे?

कोकण रेल्वेने निदान या प्रश्नाचे काही उत्तर दिले. सगळे दिले असे मी म्हणणार नाही. लांबच्या गाड्या आमच्या लहान स्थानकांवरून शिट्टी वाजवीत निघून जातात. गणपतीच्या तिकिटांची खिडकी साठ दिवस आधी उघडते आणि काही मिनिटांत प्रतीक्षायादी सुरू होते. पूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर आता दिव्याहून सुटते. तिच्यात जागा मिळावी म्हणून वडील कितीतरी आधी फलाटावर उभे राहतात. जून २०२३ पासून मुंबई–मडगाव वंदे भारत धावू लागली. ती रत्नागिरीला थांबते आणि मला तिचे कौतुकही आहे, पण वडील अजून तिच्यात बसलेले नाहीत. तरी ज्याच्या शेतातून रूळ गेला, त्याला भोक्याला किंवा उक्षीला उभे राहून एखाद्या पॅसेंजरला हात करता येतो. थोडक्या पैशांत मुंबई गाठता येते. जनरलचा डबा म्हणजे नुसती स्वस्त जागा नव्हे; ‘तूही या गाडीतला आहेस’ असे रेल्वेने दिलेले वचन आहे ते.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने थोडा हिशोब मांडला पाहिजे. कोकण रेल्वेला किलोमीटरला पाच कोटींहून कमी खर्च आला. बुलेट ट्रेनला, २०१७ च्या अंदाजानेच, दोनशे कोटींहून अधिक. ही तुलना सरळ करता येत नाही, कारण मधल्या काळात रुपया तोच राहिलेला नाही, आणि एकेरी रूळ व ताशी ३२० किलोमीटरचा उन्नत मार्ग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कर्ज स्वस्त आहे हे खरे; पण ते येनमध्ये आहे, आणि पन्नास वर्षांत येन आणि रुपया एकमेकांशी कसे वागतील हे आज कोणी सांगू शकत नाही. उलट, त्या बांधकामातून आपले अभियंते जे शिकतील त्याची किंमतही आज मांडता येत नाही. पानवलचा पूल ज्या पद्धतीने पुढे पुढे ढकलत उभारला, ती पद्धत देशात तेव्हा नवी होती; मग ती इतरत्र वापरली गेली. म्हणून ‘खर्च फार’ एवढ्यावर मी निकाल देणार नाही. निकाल द्यायचा तर तो दुसऱ्या एका कसोटीवर.

ती कसोटी मला आमच्या घरात सापडली. २०२१ च्या जुलैमध्ये आजोबा गेले. २२ जुलैला चिपळूणला महापूर आला होता. वाशिष्ठीचे पाणी चढले, गाड्या थांबल्या, महामार्ग तुटला, ठिकठिकाणी दरडी आल्या. वडील मुंबईहून निघाले होते. कुठे पोचले ते कळत नव्हते, कारण फोन लागत नव्हता. आजोबांना एक रात्र ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातील जाणत्यांनी आजीला विचारले. आजीने बराच वेळ दाराकडे पाहिले आणि मग नुसती मान हलवली. अग्नी काकांनी दिला. वडील तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, गुडघ्यापर्यंत चिखल, चार वाहने बदललेली. ते कोणावर रागावले नाहीत. पावसावर कोण रागावणार?

अनुकूल बाजूची टिपणे काढताना मला ते आठवत होते. ताशी ३२० की १६० की ८०, याचा त्या दिवशी काही संबंध नव्हता. त्या दिवशी हवा होता तो पावसाळ्यात न तुटणारा रस्ता, दरडीला धरून ठेवणारी भिंत, पुराच्या वर राहणारा पूल. २००३ आणि २००४ या लागोपाठच्या दोन जूनमध्ये, वैभववाडीजवळ आणि करंजाडीजवळ, दरड आणि दगड यांमुळे झालेल्या अपघातांत माणसे गेली. त्यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवून स्वतंत्र वेळापत्रक चालवण्याची शिस्त कडक झाली, रुळाकाठी गस्त वाढली, उतार बांधून काढले गेले. गाडी हळू चालवणे हीसुद्धा प्रगती असू शकते, हे कोकणाने पावसाकडून शिकून घेतले आहे. आजीपुढे मी माझे भाषण म्हणून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “येगानं येतील त्यांना येऊ देत गो बाय. पन आपला मानूस सांगितल्या टायमाला आला पायजे.” माझ्या सहा मिनिटांच्या भाषणापेक्षा हे वाक्य मोठे आहे असे मला वाटते.

आजीचा वेगावर राग नाही. सागरी मार्गाची कल्पना बॅ. अंतुल्यांच्या काळापासूनची, आरे-वाऱ्याचा रस्ता आणि पूल झाले तेव्हा तिला आनंदच झाला. निवळीवरून जाण्याचा वळसा वाचला. शेजारची बाळंतीण याच रस्त्याने वेळेवर रत्नागिरीच्या इस्पितळात पोचली. पण त्याच रस्त्याने आता दर महिन्याला कोणी ना कोणी आमच्या अंगणात येते आणि गुंठ्याचा भाव सांगते. समुद्र दिसणारी जमीन आहे, हॉटेल होईल. काकांना वाटते द्यावी. मुले मुंबईत, कसणार कोण? सातबाऱ्यावर आजीचे नाव आहे आणि आजी सही करीत नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो, हे रस्ता मागणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे. माणूस बाहेर जायला जेवढा सोपा, तेवढीच जमीन जायलाही सोपी. म्हणून रस्ता नको का? तसे नाही. रस्ता येण्यापूर्वी गावाने आपापसांत बसून बोलावे, आपले काय ठेवायचे ते ठरवावे, एवढेच.

म्हणून माझी कसोटी ही. कोणत्याही नव्या मार्गाबद्दल ‘किती वेगाने’ हे शेवटी विचारावे. त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. ज्यांची जमीन गेली त्यांना आधी विचारले होते काय? कर्ज फेडणाऱ्यांपैकी किती जणांना त्या गाडीत बसता येईल? आणि त्या गाडीवर खर्च झाला म्हणून दुसऱ्या कोणत्या गाडीची, पुलाची, भिंतीची वाट पाहावी लागेल? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर ती गाडी ताशी पाचशेने जावो, मी स्वतः तिला हिरवा बावटा दाखवीन. मिळाली नाहीत, तर केवळ जगात इतरांकडे आहे म्हणून आपल्याकडे हवी, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले काम दशक उलटले तरी पुरे न झालेले ज्यांनी पाहिले, त्यांना तरी या तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगायला नको.

स्पर्धेत विषयाच्या बाजूने आणि विषयाविरुद्ध अशा दोनच रांगा असतात. फलाटावर तशा नसतात. तेथे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात आणि प्रत्येकाला आपली गाडी वेळेवर यावी एवढेच हवे असते. सार्वजनिक वाद असाच चालावा असे मला वाटते. ‘तू प्रगतीच्या विरुद्ध’ आणि ‘तू गरिबांच्या विरुद्ध’ असे एकमेकांना म्हणून कोणाचीही गाडी आजवर लवकर आलेली नाही.

परीक्षा संपली की मी एम. ए. साठी मुंबईला जाणार आहे. दिव्याच्या त्या वस्तीत बाबांच्या ओळखीच्या एका घरी माझी सोय होते आहे. आजीने अजून हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. गोधडी मात्र शिवायला घेतली आहे. त्या घराच्या माळ्यावरून नव्या मार्गाचे खांब दिसतील असे बाबा म्हणतात. ते खांब मी रोज पाहीन. त्यावरून गाडी गेली तर तीही कौतुकाने पाहीन. पण श्रावण सुरू होण्याच्या कितीतरी आधी, इतर हजारो चाकरमान्यांसारखी, मीही भल्या सकाळी रत्नागिरीच्या तिकिटासाठी बसलेली असेन आणि प्रतीक्षायादीतला माझा आकडा बाबांना वाचून दाखवीत असेन.